अश्लेषाच्या चारशे ओळी

१

"आवाज जुळलाय. आता बाकीचं बसंल हळूहळू."

सासूबाई स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाल्या आणि निहार नुसतं "हं" म्हणाला. नवी सून, पूर्वी, तेव्हा गच्चीवरून वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून जिना उतरत होती. ढिगावर हनुवटी टेकलेली, त्यामुळे ती दोघं तिला दिसली नाहीत आणि त्यांना ती. लग्नाला नववा दिवस होता. नवव्या दिवशी नव्या सुनेविषयी स्वयंपाकघरात काय काय बोललं जातं, याची तिनं मनाशी तयारी ठेवली होती. पोळ्या जाड होतात, अंघोळीला वेळ लावते, माहेरच्या मिक्सरचा फार आवाज होतो. आवाज जुळल्याचं कोणी म्हणेल असं मात्र वाटलं नव्हतं. ती दोन पायऱ्या थांबली आणि मग मुद्दाम पैंजण वाजवत खाली आली. कौतुकच असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

तसं ठरवायला कारणही होतं. स्थळ आलं तेव्हा या मंडळींनी फोटो मागितला नव्हता, आवाज मागितला होता. वर्तमानपत्रातलं काहीतरी मोठ्यानं वाचायचं आणि रेकॉर्ड करून पाठवायचं, मुलाची तेवढीच अट. इंदापूरला घरभर हसाहशी झाली. "रंग विचारत नाहीत, उंची विचारत नाहीत, पत्रिका नंतर बघू म्हणतात," पूर्वीची आई म्हणाली, "देवमाणसं दिसतात गं." पूर्वीनं गॅसपाशी उभं राहून उजनीच्या पाणीपातळीची बातमी वाचली. आठ दिवसांत होकार आला.

लग्नात निहारनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. अश्लेषा. हात कुठं थांबला नाही, काना-मात्रा चुकली नाही. नाव बदलायची त्यांच्याकडे रीतच होती, त्याचं पूर्वीला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर. इंदापूरला अजून सगळ्यांची जीभ घसरायची; आई फोनवर "पूर्वी, अगं नाही, अश्लेषा," असं करत हसायची. सासरी मात्र पहिल्या दिवसापासून कोणाचीच जीभ एकदाही अडखळली नाही. सासूबाईंची नाही, सासऱ्यांची म्हणजे आबांची नाही, निहारची नाही. चप्पल घरात आधीच होती आणि पाय नंतर आला, तसं.

२

घर बारामतीच्या बाहेर, काटेवाडीच्या अलीकडे, रस्त्यापासून उसातून आत गेलेलं. चार वर्षांपूर्वी ही मंडळी सुप्याकडून इथं राहायला आली होती. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि निहारची खोली. वर नवरा-बायकोची खोली आणि गच्ची. हॉलमध्ये एक घड्याळ होतं. ते दर तासाला एक धून वाजवायचं आणि शेवटचे दोन सूर गिळायचं. पूर्वी पहिला आठवडाभर ते दोन सूर मनातल्या मनात पुरे करत राहिली, मग तिनं नाद सोडला.

निहार पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. ते तीनला संपायचं. तीननंतर तो "संसार" करायचा. शब्द त्याचाच.

कॉम्प्युटरवर खेळायचा, परदेशातला कुठलासा मोठा खेळ होता. बर्फाचे डोंगर, तलवारी, आग ओकणारे पंखवाले अजगर. कुठंही जा, काहीही कर. जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या परीनं सुधारलेला. कोणी नुसता बर्फ सुधारला, कोणी माणसांच्या पापण्या. एकानं तर म्हणे तीन वर्षं घालवून फक्त बाजारातले पाव नीट केले. अशा सुट्या तुकड्यांना मोड म्हणायचं. निहारनं असे अकराशे चाळीस मोड गोळा करून, एकमेकांशी भांडू न देता, एका गठ्ठ्यात नांदवले होते. त्या गठ्ठ्याचं नाव "संसार". आपल्या घरात सासूबाई आणि आबा यांचं एका रिमोटवर जमत नव्हतं हे पाहता पूर्वीला या कामाचं खरंच कौतुक वाटलं.

"सगळं क्रमावर असतं," चहा घेता घेता निहारनं तिला समजावलं. स्वतःच्या विषयावर बोलताना तो छान दिसायचा. "एकाच गोष्टीला दोन मोडांनी हात लावला, की यादीत जो खाली असेल त्याचं चालतं. वरचा असतो, पण दिसत नाही."

"मग वरचा काढून का नाही टाकत?"

त्यानं कप खाली ठेवला. "चालू खेळातून काही काढायचं नसतं. कधीच नाही. काढलं की त्याच्या खुणा मागं राहतात आणि मग हळूहळू सगळं सडत जातं. वरून नवं बसवायचं, बास."

त्या खेळात त्यानं एक घर बांधलं होतं आणि घरात एक बायको ठेवली होती. तिला आवाज हवा होता. मे महिन्याच्या दुपारी त्याच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, पूर्वी माइकसमोर बसली आणि चारशे ओळी वाचू लागली. आलात? हातपाय धुवून घ्या. भात टाकू का? टाकते हं आई. तुम्ही म्हणाल तसं. कागदाच्या डोक्यावर नाव होतं, अश्लेषा.

"माझं नाव दिलंत तिला?" तिनं लाजत विचारलं.

"तुझंच ना ते," निहार म्हणाला.

सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि दाराशी स्टुलावर बसून सगळं ऐकायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्वीच्या लक्षात आलं, की त्यांचे ओठ हलतात. पोथी ऐकताना बायकांचे हलतात तसेच. पण पोथी ऐकणारीचे ओठ वाचणाऱ्याच्या मागून हलतात. सासूबाईंचे पूर्वीच्या आधी हलत होते.

दुसरी गोष्ट तिच्या ग्रंथालयातल्या नोकरीच्या सवयीमुळे लक्षात आली. चारशेच्या चारशे ओळी वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, यात एकदाही 'नाही' आलं नाही."

निहार हसला. "घरी आल्यावर बायको नाही म्हणायला लागली तर माणूस खेळेल कशाला?"

शेवटची, चारशेवी ओळ होती, "मी इथंच आहे, तुमची वाट बघते." ती त्यानं सहा वेळा म्हणवून घेतली.

३

सोळा जूनला पूर्वीला इंदापूरच्या कॉलेजात, ग्रंथालयात पुन्हा हजर व्हायचं होतं. बैठकीतच तसं ठरलं होतं. आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जाऊ दे की. एसटी दारावरनं जाती. आमची काय हरकत न्हाय." तिनं वेळापत्रकसुद्धा लिहून आरशाला चिकटवलं होतं. काटेवाडीचा स्टॉप, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी, इंदापूर. ही एवढी एकच गोष्ट तिनं लग्नात मागून घेतली होती, त्यामुळे ती रोज एकदा तो कागद वाचायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती दुपारी कणीक मळत होती. हॉलमधून सासूबाई म्हणाल्या, "टाक की. दोन वाट्या टाक."

पूर्वी बाहेर आली. "काय टाकू, आई?"

"भात. तूच इचारलंस न्हवं आत्ता?"

तिनं विचारलं नव्हतं. मग तिला कळलं. निहारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तो आत खेळ तपासत होता, आणि त्या आतल्या बाईनं तिच्या आवाजात विचारलं होतं. तिला हसू आलं. तिनं दोन वाट्या तांदूळ धुतले. कुकर लावताना मात्र तिच्या मनात आलं, की सासूबाईंना एवढं उलगडून सांगितलं तरी त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एकच की मग."

त्यानंतर हे वाढत गेलं. ती वर असायची आणि खाली तिचा आवाज कोणालातरी हातपाय धुवायला सांगायचा. आबा अंगणातून आले की चपला काढता काढता म्हणायचे, "धुतो धुतो," आणि खरंच न्हाणीकडं वळायचे. ती समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली तर मात्र तांब्याकडं बघायचे. आपलं असं वाटणं खुळचट आहे हे तिला कळत होतं. स्वतःच्या आवाजाचा मत्सर करणारी बाई, असं काहीतरी माहेरी सांगितलं असतं तर भावानं वर्षभर चिडवलं असतं.

भांडी घासायला प्रयागबाई यायच्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. एकदा मोरीतून त्यांनी मान वर केली.

"वैनी, तुमी मगाशी आत व्हता का हितं? दोनीकडनं तुमचाच आवाज यितोय."

"तो कॉम्प्युटरमधला, प्रयागबाई. मी वाचून दिलाय."

"आगं बाई. तुमी बी?"

"मी बी म्हणजे? अजून कोण?"

प्रयागबाईंनी पातेलं फिरवून फिरवून घासलं. "कोन न्हाय. आमी आपली भांडी घासतो, वैनी, मान्सं मोजत न्हाय. साबन संपलाय बगा."

४

शुक्रवारी पूर्वीनं आईला फोन लावला.

"अगं, कालच तर अर्धा तास बोललीस," आई म्हणाली. "आज पुन्हा? सासूबाई रागावतील हो."

"काल? मी नव्हता केला काल."

"झोपेत आहेस का? दुपारी दोनला. किती छान बोललीस. माझ्या जिवाला बरं वाटलं. आणि नोकरीचं ठरवलंस तेही बरं केलंस. रोज अडीच तास एसटीत काय जीव काढायचा? मॅडमना पण तूच कळवलंस ना?"

पूर्वी पलंगावर बसली. "काय कळवलं?"

"की येत नाहीस म्हणून. वेडी आहेस का तू? आणि एक सांगू? मला म्हणालीस, छकुली म्हण ना मला एकदा. इतक्या वर्षांनी! मला रडूच आलं."

छकुली हे बाबांनी ठेवलेलं नाव. बाबा गेल्यापासून ते कोणी घेतलं नव्हतं. या घरात तर तिनं ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवून तिनं यादी पाहिली. गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, एकतीस मिनिटं. त्याच्या आधी ग्रंथालयाच्या मॅडमचा नंबर, चार मिनिटं. तिच्याच फोनवरून. फोन गुरुवारी सकाळपासून निहारकडे होता, काहीतरी अपडेट करून देतो म्हणाला होता.

पहिल्यांदा तिला हलकंच वाटलं. कारण सापडलं होतं. चारशे ओळींवरून यंत्राला हवं ते बोलायला शिकवता येतं हे तिनं वाचलं होतं. म्हणजे नवऱ्यानं फसवलं होतं. ते वाईट होतं, पण कळण्यासारखं होतं. छकुलीचं काय, तर आपणच कधी झोपेत पुटपुटलो असू.

ती खाली गेली. तिघं हॉलमध्ये होते.

"काल माझ्या फोनवरून आईशी कोण बोललं?"

"तूच," निहार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

"माझ्यासमोर बोललीस की," सासूबाई लसूण सोलत म्हणाल्या. "हितंच बसून. हसत व्हतीस."

तिनं आबांकडं पाहिलं. सगळ्यांसमोर शब्द देणारा माणूस. आबांनी पेपर थोडा वर घेतला. "व्हय की," पेपराआडून आवाज आला.

कोणी ओरडलं नाही, कोणी अवघडलं नाही. तिघांनी खोटं सांगितलं असतं तर एकाचा तरी डोळा हलला असता. ती जिना चढून वर आली, आणि आरशावरचा कागद वाचताना तिला आठवलं. गुरुवार. गुरुवारी या भागात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच लाईट नसते. इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि हॉलचा पंखा, एवढंच चालतं. निहार दर गुरुवारी त्यावरून कुरकुरतो, कारण त्याचा कॉम्प्युटर त्यावर चालत नाही.

आणि कालच्या दुपारी, वर ओला टॉवेल अंगावर घेऊन पडलेली असताना, तिनं खाली एका बाईला फोनवर हसताना ऐकलं होतं. शेजारची कोणीतरी आली असेल, असं वाटून ती कुशीवर वळली होती.

५

पुढच्या आठवड्यात वडगाव निंबाळकरला निहारच्या मामांकडं बारसं होतं. तिघं सकाळी नऊला गाडीनं गेले. "तू घर सांभाळ," सासूबाई म्हणाल्या. पूर्वीनं कपडे वाळत घातले, भाजी निवडली, आणि दुपारी घड्याळानं एकची धून गिळल्यावर ती निहारच्या खोलीत शिरली.

गोधड्या अजून भिंतींना होत्या. आत दमट कोंदट उकाडा. तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं, पडदा उजळला. कुलूप वगैरे काही नव्हतं. या घरात तिच्यापासून काही लपवावं असं कोणाला वाटलंच नव्हतं, हे तिला कुलपापेक्षा जास्त लागलं.

संसार. त्यात अश्लेषा. फोल्डरवर तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची.

तिनं तारीख दोनदा वाचली. सहा वर्षांपूर्वी ती बारावीची तयारी करत होती आणि निहार नावाचा माणूस तिला माहीतही नव्हता.

आत चार फोल्डर. आवाज एक, आवाज दोन, आवाज तीन, आवाज चार. तिनं तिसरा उघडला. उजनीची पाणीपातळी. तिचाच आवाज, माहेरच्या स्वयंपाकघरातला, मागं आईनं फोडणी टाकल्याचा चर्र आवाज. मग चारशे ओळी.

चौथा रिकामा होता. तो गेल्या सोमवारी बनवलेला होता.

तिनं पहिला उघडला. जाडसर, मोठ्या वयाच्या बाईचा आवाज. "आलासा? हातपाय धुवून घ्या." मधेच खोकला. मागं कुकरची शिट्टी, आणि कुठंतरी दूर घड्याळाची धून. पुरी धून. शेवटच्या दोन सुरांसकट. पूर्वीनं आठवडाभर मनात जुळवून पाहिलेले सूर ते नव्हतेच. ते फार खाली उतरत होते.

दुसरा आवाज कोवळा होता. वीस-एकविशीची असावी. "टाकते हं आई." ही पोरगी प्रत्येक ओळीआधी श्वास घेत होती, वर्गात उभं राहून धडा वाचावा तशी. इथं घड्याळ शेवटचे दोन सूर गिळत होतं. पूर्वीनं सरळ चारशेवी ओळ लावली.

"मी इथंच आहे, तुमची वाट बघते."

रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं असावं. खुर्ची सरकली, आणि तीच पोरगी, वाचून नव्हे, आपल्या बोलण्यात म्हणाली, "झालं ना? आता मी माहेरी जाऊ?"

कपबशी ठेवल्याचा आवाज आला. आणि दाराजवळून, हलक्या आवाजात, "आवाज जुळलाय. आता बाकीचं बसंल हळूहळू."

बंद करून निघून जावं, हे पूर्वीला कळत होतं. तरी तिनं "संसार" सुरू केला. डोंगर आले, बर्फ आला, आणि एक दार आलं. दाराच्या आत हाच हॉल होता. हेच घड्याळ. रिमोट टीव्हीच्या डाव्या हाताला, आबा ठेवतात तिथं. ती बाणाच्या बटणानं स्वयंपाकघरापर्यंत गेली.

ओट्यापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगावर बदामी गाऊन, पूर्वीनं आज सकाळी घातलेला. तिच्या कडा नीट दिसत नव्हत्या, लुकलुकत होत्या, दोन चित्रं एकावर एक ठेवून हलवल्यासारख्या. पूर्वी जवळ गेली. दोन नव्हती. वेणी काळी दिसायची, मग पांढुरकी दिसायची, मग नुसताच अंबाडा. कोपरापाशी हात तीन होते आणि मनगटाशी एक. वरची असते, पण दिसत नाही. त्यानं सांगितलं होतं. काढायचं काही नसतं.

बाई वळू लागली. पूर्ण वळली नाही. गालाची कड दिसेल एवढीच. आणि पूर्वीच्या आवाजात, पूर्वीनं आयुष्यात कधी न म्हटलेल्या सुरात, श्वास घेऊन म्हणाली, "आता मी माहेरी जाऊ?"

"वैनी!" मागल्या दारातून प्रयागबाईंची हाक आली. "आवो वैनी, टाकीत थेंब न्हाय बगा पान्याचा! मोटर कशी लावायची? आज गुरवार, लाईट न्हाय सकाळधरनं!"

पूर्वीनं वर पाहिलं. पंखा थांबलेला होता. तो तिनं चालू केला होता, आल्याबरोबर. बटण खाली होतं. कॉम्प्युटरचा घरघराट नव्हता. खोलीत कसलाच आवाज नव्हता. पडदा तेवढा उजळलेला होता, आणि त्यातली बाई अजून वळतच होती.

६

ती मोरीपाशी येऊन बसली. प्रयागबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली काथ्याची घासणी खाली ठेवली.

"ऐकलं व्हय तुमी बी?"

"कोण होती ती? लहान होती. माझ्याहून लहान."

"नाव अश्लेषाच म्हनायची. मागल्या दारानं माहेरी गेल्या म्हन्त्यात." प्रयागबाईंनी पदराला हात पुसले. "मी न्हाय बगितल्या जाताना. चप्पल लई दिस हितंच व्हती त्यांची. मग यक दिवस ती बी न्हाय."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"कुनाला सांगू? तुमाला का त्येंला?" त्यांनी आतल्या दाराकडं हनुवटी केली. "मला दोनीकडनं सारकंच ऐकू येतं, वैनी."

पूर्वीनं आईला फोन लावला. दोन वाजले होते, आणि आईचा फोन दुसऱ्या कॉलवर होता. पाच मिनिटांनी लावला, तरी दुसऱ्या कॉलवर. एकतीस मिनिटं ती लावत राहिली. दुपारच्या दोन ते अडीचमध्ये आई दुसऱ्या कोणाशी बोलत नसते; ती वेळ तिनं लेकीसाठी राखून ठेवली आहे, असं तीच लग्नात पाहुण्यांना सांगत होती.

बत्तिसाव्या मिनिटाला आईनं उचलला. आवाज अजून हसरा होता. "काय गं छकुली, काही राहिलं का सांगायचं?"

"आई, मी पूर्वी बोलतेय."

"हो गं, कळलं की," आई म्हणाली. "तुझा आवाज का असा येतोय? मघाशी बरा होता."

पूर्वीनं फोन ठेवला. वर जाऊन माहेरची निळी बॅग भरली. कागद आरशावरून काढून पर्समध्ये घातला. चप्पल पायात घातली आणि हॉलमध्ये येऊन उभी राहिली. घरात चप्पल घालून उभी राहण्याची तिची ती पहिलीच वेळ.

७

चारला गाडी आली. सासूबाईंच्या हातात घुगऱ्यांची पिशवी, आबांच्या डोक्यावर टोपी, निहारच्या हातात गाडीची किल्ली. तिघं एकामागून एक आत आले आणि तिच्या बाजूनं पुढं जाऊन आपापल्या जागी बसले. बॅगेकडं कोणी पाहिलं नाही.

"अश्लेषा, चहा टाक गं. उन्हानं डोकं उठलंय," सासूबाई म्हणाल्या.

"टाकते हं आई."

पूर्वीनं ओठ उघडलेले नव्हते. आवाज निहारच्या खोलीतून आला होता. लाईट यायला अजून तास होता.

"साखर कमी," आबा त्या खोलीच्या दाराकडं बघून म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. सासूबाईंनी पाय पसरले. निहारनं डोळे मिटून मान खुर्चीवर टेकली. तिघांचेही चेहरे इतके निवांत होते, की क्षणभर पूर्वीला वाटलं, आपण मागल्या दारानं निघून जावं. कोणाला कळणार नाही. उद्या भात विचारला जाईल, परवा दोनला आईला फोन जाईल, आई खूश असेल. सोमवारी चौथ्या फोल्डरात कोणीतरी कुठल्याशा पाणीपातळीची बातमी वाचेल. आपली चप्पल तेवढी काही दिवस दाराशी राहील.

तिनं चारशे ओळी मनातल्या मनात चाळल्या. पुस्तक शोधताना फळीवरून बोट फिरवावं, तशा. त्यांत नव्हती ती एकच गोष्ट.

"नाही," ती म्हणाली.

आबांचा पेपर खाली आला. सासूबाईंनी पाय आवरले. लग्नाला सहा आठवडे झाले होते आणि तिघांनी एकदम तिच्या तोंडाकडं पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. निहारच्या कपाळावर आठी पडली. खेळात काही भलतंच दिसलं की पडायची तीच.

"हे कुठून आलं?" त्यानं विचारलं. तिला नाही, आईला.

"दमलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "बस खाली, अश्लेषा. बस बाळा. आमी काय वाईट केलं का तुझं? लेकीवानी ठिवलं."

"मग चौथा आवाज कोणाचा, आई?"

घड्याळ उगाचच, वेळ नसताना, एकदा किरकिरलं. आणि आतल्या खोलीतून, अगदी हळू, कोणीतरी श्वास घेतला. वर्गात उभं राहून धडा वाचण्याआधी घेतात तसा.

"आता मी माहेरी जाऊ?"

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ या वेळी हलले नव्हते. निहार उठायला गेला आणि अर्धवट उठून तसाच राहिला. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पूर्वीनं बॅग उचलली. रस्त्याच्या बाजूनं, उसापलीकडून, एसटीचा हॉर्न ऐकू आला. ती उंबऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि एकेकाकडं बघत, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माझं नाव पूर्वी आहे. मी इंदापूरला निघालेय. आत जी विचारतेय ना, तिचं माहेर कुठलं तेवढं सांगा. तिलाही वाटेत सोडते."